चिंचोके

हिंगण्याच्या शेडमध्ये पहिल्यांदा फळा टांगला
तेव्हा त्यावर चार जपानी शब्द होते
आणि खाली माझी सही.
तीन महिने त्यावर नुसती धूळ बसली.
एकदा कुणीतरी बोटानेच, त्या धुळीत, लिहिलं :
कूलरमधी पानी टाका.
मी फडक्याने पुसलं.
आज कबूल करतो,
तीच पहिली सूचना होती.

नाजुका वासनिक प्रेसवर पिना पाडायची.
डबा भरला की उचलून तपासणीच्या टेबलापर्यंत,
रिकामा घेऊन परत.
नवतपा लागलेला, पत्र्याखाली माणूस वाफवून निघायचा.
एका संध्याकाळी तिने माझ्यासमोर
पदराची गाठ सोडून चिंचोके ओतले.
"मोजा."
चौसष्ट.
"एका खेपेले एक टाकत गेली.
मी पिना पाडून नाही राहिली सायेब,
मी चालून राहिली."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या मागे मागे चाललो.
पुण्याला दोन दिवस थंड खोलीत बसून
जे डोक्यात शिरलं नव्हतं
ते बेचाळीस पावलांत पोटऱ्यांना कळलं.

टेबलच आणलं प्रेसपाशी. रविवारी, चौघांनी ढकलत.
मग घनश्याम बोरकुटेने भिंतीवर
पान्यांच्या सावल्या रंगवल्या, काळ्या ऑइलपेंटने.
सावली उघडी दिसली की समजायचं, पाना कुणाच्या तरी खिशात आहे.
अशरफ वेल्डर आठ दिवस काही बोलला नाही,
नवव्या दिवशी त्याने त्यातली एक सावली खोडून
डावीकडे काढली. "मी डावखुरा आहे, बाप्पा."
ठवकरने डब्यासाठी पत्र्याची घसरगुंडी केली
आणि पिना शेडभर सांडल्या.
सगळे गुडघ्यांवर बसून वेचताना इतके हसलो
की शनिवारची शेवटची पंधरा मिनिटं
तेव्हापासून आमचीच झाली :
उभ्या उभ्या, तर्री-पोह्यांच्या कागदी बशा हातात,
कुणाचं काय फसलं, ते आधी.
घसरगुंडी पाचव्यांदा वाकवल्यावर जमली.

आणि एका सोमवारी सुखदेव आला नाही.
दुसऱ्या पाळीत डबे वाहणारा सुखदेव.
डबे वाहायचेच नाहीत आता, तर माणूस कशाला,
असा हिशोब वरच्या केबिनमध्ये झाला होता.
बरोबर होता हिशोब. बेरीज-वजाबाकी चोख.

कुणी भांडलं नाही.
फळ्यावर खडू जसाच्या तसा.
शनिवारी पोहे उरले.
मंगळवारी सकाळी पाहतो तर टेबल
परत बेचाळीस पावलांवर,
जुन्या चार पायांच्या खुणांवर अचूक बसवलेलं.
नाजुका डबा उचलून चालत होती.
माझ्याकडे न बघता.

मी चिंचोके रुमालात बांधून मालकाकडे गेलो.
बोलायचं ठरवून गेलो होतो ते आठवलं नाही.
रुमाल सोडला. म्हणालो,
हे तिने आपल्याला फुकट दिलं होतं.
आपण त्याची किंमत सुखदेवकडून घेतली.
मालक बराच वेळ फोनवर काहीतरी शोधत राहिले.
म्हणाले, बघू.

त्या "बघू"ला अकरा दिवस लागले.
सुखदेव आला, एका गुरुवारी, तेलाची बुधली घेऊन.
आता तो यंत्रांपाशी कान देऊन फिरतो,
बेअरिंग रडायच्या आधी त्याला ऐकू येतं.
फळ्यावर मालकाच्या अक्षरातली एक ओळ आहे :
सुचवलं म्हणून कुणाचं काम जाणार नाही.
लोकांनी ती वाचली, आणि वाट पाहिली.
शब्दांवर नाही, सुखदेवच्या पगाराच्या तारखेवर
सगळ्यांचे डोळे.

पगार झाला. टेबल पुन्हा प्रेसपाशी आलं,
कुणी आणलं ते कुणी सांगत नाही.
जपानी शब्द मीच काढून टाकले, जागा हवी होती.
पण फळा अजून कोरा.

काल त्यावर अक्षरं दिसली,
या वेळी खडूने, ठळक :
कूलरमधी पानी टाका.
मी बादली घेतली.
नळ शेडच्या पार मागच्या टोकाला.
अर्ध्या वाटेत लक्षात आलं,
मागून कुणीतरी
माझी पावलं मोजतंय.