ओली काठी

पहिल्या दिवशी ओक्लूने मला
किल्ली तळहातावर ठेवायला लावली.
किल्ली उठली, कुणीतरी हाक मारल्यासारखी वळली.
"घड्याळ घरी ठेवत जा, एसिनाम,
इथे वेळ अडकून बसते."

तेमाच्या कारखान्यात शंभरावर भट्ट्या,
एकीतून दुसरीत जाणारी वीज
आणि विजेभोवती ते न दिसणारं,
जे वितळलेल्या धातूला
सारखं या कुशीवरून त्या कुशीवर करतं.
खाली ॲल्युमिनियम, वर क्षारांचा रस,
नऊशे साठ अंश.
दोघांमधली सीमा साय हलावी तशी हलते.

मी कुमासीला तीन समीकरणं शिकले होते:
वेगाचं, उष्णतेचं,
आणि विरघळलेलं किती उरलं त्याचं.
कागदावर ती एकाखाली एक, शाळेच्या रांगेत.
इथे एकाला ठेच लागली की
तिघांच्या डोळ्यांत पाणी.

ओक्लूला समीकरणं येत नाहीत.
तो भट्टीला कान देतो.
"बुडबुडे नीट आहेत. जेवलीय ती."

तिसऱ्या पाळीत एकशे सतरावरचा दिवा
भक्कन पेटला.
रसातली पांढरी पूड संपत आली होती.
मग बुडबुडे कसले,
कोळशाच्या तळाला वायूची सलग कातडी.
व्होल्टेज चारावरून तिसावर.
वीज वाट शोधत कडेला सरकली,
तिच्यामागे चुंबकाची ओढ,
ओढीमागे धातूची लाट.
मूठभर पूड कमी पडली
आणि खालचं तळं कललं.

मी गणित मांडत होते. खरंच, मनातल्या मनात.

ओक्लूने कोपऱ्यातली काठी उचलली,
कडुनिंबाची, सकाळीच तोडलेली,
टोकाशी दोन पानं विसरलेली.
वरचं कवच फोडून आत खुपसली.
लाकडातलं पाणी किंचाळलं,
धातू उसळला, कातडी फाटली,
वरून पूड ओतली गेली,
दिवा विझला.

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात.
जळलंच.
पण इथे ओलं होतं म्हणूनच भागलं.

वहीत त्याने लिहिलं: एकशे सतरा. एक काठी.
मी खाली काही लिहायला गेले,
पेनाचं टोपण हलकेच
भट्टीकडे झुकलं.

पहाटे बाहेर आलो तर बंदरावर
मासळीच्या होड्या लागत होत्या.
ओक्लू कुंपणाशी थांबला,
कडुनिंबाकडे वर बघत,
उद्याची फांदी निवडत.