अकरा खाती

गंगापूर रोडला, झेरॉक्सच्या वरच्या खोलीत
माझ्याकडे अकरा खाती.
सातला मी मिसळवाला: 'या मंडळी, तर्री तापलीय!'
नऊला दातांचे डॉक्टर,
मग पिंपळगावचे बेदाणेवाले,
दुपारभर रुंजाभाऊ, भावी नगरसेवक,
हात जोडून.
माझं स्वतःचं खातं बारावं. त्यावर
तीन वर्षांपूर्वीचा गोदाघाट.

काल रात्री दीडला तिथं लिहिलं,
'झोपच येत नाही हल्ली.'
गेलं मिसळीच्या पानावरून.

सकाळी बघते तर एकेचाळीस बदाम.
सिडकोतून कुणी विचारतोय, 'रविवारी पार्सल मिळेल का?'
त्याखाली, फोटो नसलेलं कुणी:
'मलाही.'

मालकाचा फोन यायच्या आत
पुसायला हवं होतं.
अंगठा तिथंच राहिला.
सात वाजले.
लावून ठेवलेली तर्री
आपली आपण तापली.