घर ओढलं त्या दिवशी

अकरा महिने मी घराबाहेर पडलो नाही.
शेवटी घरच बाहेर पडलं.

कडा ढासळत होता. दर उधाणाला
हातभर जमीन समुद्रात.
मागच्या खिडकीतून आधी कुंपण दिसेनासं झालं,
मग सफरचंदाचं झाड,
आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं होतं:
चला, आपल्याला काही करायला नको,
तोच येतोय.

लोक विचारत, झालं तरी काय?
काय सांगू. मी होड्या बांधणारा माणूस.
भोक असतं तर सापडलं असतं मला,
ताग ठासून, वर डांबर फासून बुजवलं असतं.
भोक नव्हतंच.
धड लाकडातून, सगळीकडून,
थोडं थोडं पाणी येत होतं.

गुरुवारी दवाखान्याची लाँच लागायची.
यास्ना नर्स गोळ्या मोजून ठेवायची,
न घेतलेल्याही मोजायची, रागवायची नाही.
"रोसामेल, दाढी कर नाहीतर नको करू,
पण चूल पेटव," एवढंच म्हणायची.
काही गुरुवारी मी पेटवली.

मार्चमध्ये देल्फिन आला, बैल घेऊन.
त्याच्यामागे खाडीपलीकडची माणसं,
वर्षभर ज्यांना मी दार उघडलं नव्हतं ती,
आणि ज्याची होडी मी अर्धी टाकली होती
तो एलिसेओसुद्धा, खांद्यावर दोर.
आमच्या चिलोएत याला मिंगा म्हणतात.
साधी सावड आहे:
आज तुझ्या दोराला मी, उद्या माझ्या दोराला तू.
मजुरी नाही. संध्याकाळी बटाटे, शिंपले,
सफरचंदाची दारू.

"मी उतरणार नाही," मी म्हणालो.
देल्फिननं टोपी मागे सारली,
घराकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
अंदाजानं वजन करावं तसं.
"सत्तर किलो," तो म्हणाला.
"बैलांना कळणारही नाही."

खांब कापले. खाली ओंडके सरकवले.
आठ जोड्या बैल, साठेक माणसं,
आणि आत चुलीपाशी मी,
उतरवायचं राहून गेलेल्या सामानासारखा.

कुणीतरी हाळी दिली.
भिंतींतले सगळे खिळे एकदम बोलले.
आणि खिडकीतला समुद्र,
अकरा महिने जागचा न हललेला,
हळूच बाजूला झाला.
एक बैल दिसला.
एका पोराचं लालबुंद, ओरडणारं तोंड.
कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरी.
जग माझ्या खिडकीवरून चालत निघालं होतं
आणि मला उठावंही लागत नव्हतं.

चढावर घर कललं.
टेबलावरचा कप निघाला, कडेपर्यंत आला,
आणि माझा हात गेला.
मी पाठवला नव्हता. तोच गेला.
कप धरून बसलो, बराच वेळ.
कुणाची आठवण वगैरे नाही,
बाजारातला कप, कान तुटलेला.
पण तो फुटू नये असं वाटलं होतं.
वाटलं होतं. मला.

बरा झालो असं मी म्हणत नाही.
गोळ्या आहेत. काही सकाळी अंथरूण
ओल्या जाळ्यासारखं अंगावर जड पडतं.
नव्या जागी खिडकी पूर्वेला आली,
पहाटेच डोळ्यांवर ऊन, चिडचिड होते;
हल्ली चिडायलाही बरं वाटतं.
जगण्याचा अर्थ मला विचारू नका.
साठ माणसांचं देणं आहे माझ्यावर,
आणि देणेकऱ्याला
असं मधूनच उठून जाता येत नाही,
इतकंच मला कळतं.

काल निरोप आला:
ओर्तेन्सियाबाईंचं घर हलवायचंय,
शनिवारी, ओहोटी लागली की.
एलिसेओ म्हणाला, दोरावर माझ्या मागे उभा राहा,
होडीचं नंतर बघू.

हातमोजे शोधतोय.
एक सापडला.