मानशीपर्यंत

बूट प्रज्योतचे. स्विंडनला जाताना
बॅगेत मावले नाहीत, म्हणून राहिले.
श्रावण सरता सरता त्यांच्यावर बुरशी आली.
मी ब्रशने घासले, उन्हात टाकले,
आणि वाळले का बघायला
पाय घातला. एवढंच.

एक नंबर मोठे. मोज्यांवर मोजे चढवले.
पहाटे साडेपाचला, कुणी बघायच्या आत,
सुरंगीपासून विजेच्या तिसऱ्या खांबापर्यंत
धावले.
धावले म्हणजे काय,
पेज उतू जाताना गॅसकडे जावं, तशी गेले.
मग खांबाला धरून उभी,
आणि छातीत कुणीतरी पाट्यावर
सुकी मिरची वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पाववाल्या इनासने सायकल थांबवली.
“काकी, कोण फाटीं लागला?”
म्हटलं, कोणी नाही.
त्याने तरी वळून
रस्ता नीट बघून घेतला.

चतुर्थी झाली, दिवाळी झाली.
खांब मोजायचे सोडून मी बांधावर वळले.
बांधाच्या टोकाला मानस आहे.
पुस्तकातल्या मराठीत मानस म्हणजे मन.
आमच्या दिवाडीत मानस म्हणजे
खाजनाचं लाकडी दार.
भरती आली की पाण्याच्या रेट्याने मिटतं,
ओहोटीला आपणहून उघडतं,
शेतातलं पाणी नदीला देऊन टाकतं.
कुणी कडी लावत नाही, कुणी काढत नाही.
मी तिथे कमरेवर हात ठेवून
श्वास परत यायची वाट बघायची.

एर्मेलिंडा टीचर गुडघ्याला पट्टा बांधून चालायला येते.
म्हणाली, धावताना माझ्याशी बोल.
बोलता येत नसेल तर फार जोरात चाललीस,
गाता येत असेल तर फार हळू.
मग ती चालायची, मी तिच्या शेजारून धावायची,
वेग दोघींचा जवळजवळ सारखाच,
आणि मी बोलायची.
बांगड्यांचा भाव. दुकानाची उधारी.
ह्यांचं घोरणं.
आणि एकदा, मानशीच्या थोडं अलीकडे,
प्रज्योतने सही करून परत केलेला
तो निळा पासपोर्ट.
टीचर काही बोलली नाही.
पट्टा सैल करून परत बांधला.

जानेवारीत फेरीबोटीतून माणसं उतरली,
छातीवर आकडे, कुणी कुणी चर्चची भिंत
ढकलून पाडायला आल्यासारखी.
माझा आकडा सहाशे चौदा.
ड्रेसला चार पिना, त्यातली एक गंजकी, घरची.
भोंगा झाला आणि मी शहाण्यासारखी
सगळ्यांबरोबर सुटले,
पहिल्या वळणापर्यंत तरुण होते.
मग बरगडीखाली सुई.
मग पाण्याचं टेबल, शाळेतली पोरं,
त्यातलं एक ओरडलं, “आमच्या प्रज्योतची आई!”
आणि अर्धा पेला माझ्या अंगावर.

पाच किलोमीटरमधला चौथा
कुणीतरी ओढून लांब केलेला असतो.
मागे एक स्कूटर, पहिल्या गियरात घुरघुरणारी,
हँडलला झेंडा, झेंड्यावर लिहिलेलं: शेवट.
वळून म्हटलं, बाबा, तू पुढे जा.
“ना आंटी. सवकास. हांव आसां फाटल्यान.”
इनासला आता सांगता आलं असतं,
कोण मागे लागलंय ते.

पोचले तेव्हा फुग्याच्या कमानीतली हवा
काढायला घेतली होती.
एक बाजू रस्त्यावर लोळत होती.
खुर्च्या गोळा करणाऱ्या पोराने मला बघितलं,
हातातली खुर्ची टाकली, पंप चालू केला,
आणि ती कमान
चिखलातून उठणाऱ्या म्हशीसारखी
आधी मागून, मग पुढून, डुलत उभी राहिली.
मी तिच्याखालून गेले. किंचित वाकून,
गरज नव्हती तरी.

रात्री फोन. मी पदकाचा फोटो पाठवला होता,
त्याने पाय बघितले.
“आई, ते माझे बूट?”
म्हटलं, येशील तेव्हा घे.
तिकडून बराच वेळ
नुसता ओल्या रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज.

मग मोजे धुऊन दोरीवर घातले. दोनच.
वरची जोडी कधीपासून घालत नाही,
आठवत उभी राहिले,
आठवेना.