पुठ्ठ्याचे पंखे

एकतीस वर्षं मी या चर्चच्या दारात उभी आहे,
पांढरे बूट, पांढरे हातमोजे,
डावा हात पाठीमागे दुमडून.
देव किती कळला ते विचारू नका,
पण कोण कुठे बसतं ते झोपेतही सांगेन.

सॅगिनॉची फाउंड्री बंद पडली तेव्हा
माणसं आधी मागच्या बाकांवर सरकली,
मग बाहेर, गाडीतच बसून राहू लागली,
मग गाडीही दिसेना.
हे कुणी मोजत नाही. मी मोजते.

माझा भाऊ हॉलिस कॉयरमध्ये खर्ज लावायचा.
त्याचा स्वर लागला की कानाआधी
तळपायांना कळायचं, फरशीतून.
कसा आहेस विचारलं की म्हणायचा, "कृपा आहे."
सगळेच म्हणतात. आमच्यात तो रामराम आहे,
आतलं त्यात काही येत नाही.

तो गेला तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं: हृदय.
पाद्रीबुवांनी तेच सांगितलं, आईनं तेच सांगितलं,
मीही फोनवर अकरा जणांना तेच सांगितलं.
खोटं तरी कसं म्हणू?
हृदयच होतं ते.

दहा दिवस घरी जेवण येत राहिलं.
भाजलेली कोंबडी, मक्याचा पाव, कोलार्डची भाजी,
भांड्यांच्या बुडाला चिकटपट्टीवर नावं,
परत कुणाला द्यायचं ते कळावं म्हणून.
त्या भांड्यांवर मी जगले, हे नाकारणार नाही.
पण एकाही झाकणाखाली तो शब्द नव्हता.
सिस्टर लव्हजॉय माझे केस विंचरता विंचरता म्हणाली,
"आपल्या लोकांत असलं होत नाही, बाई.
आपण याहून कितीतरी वाईट सोसलंय."

सोसलंय, खरंय.
पण सोसणं म्हणजे काय पगार आहे,
दर शुक्रवारी हातात पडायला?

उन्हाळ्यात मी पंखे वाटते.
पुठ्ठ्याचे, खाली लाकडी पट्टीची दांडी.
पुढच्या बाजूला मेंढपाळ आणि त्याची मेंढरं,
मागच्या बाजूला ग्रिग्ज अँड सन्स,
अंत्यविधीची सर्व व्यवस्था, फोन नंबर.
इतकी वर्षं आम्ही तोच नंबर
तोंडासमोर धरून वारा घेत आलो.

गेल्या जूनमध्ये मी मार्कर घेतला.
एकशे चाळीस पंखे, दोन रात्री.
ग्रिग्जच्या वर, मोठ्या अक्षरात:
रात्री जागीच असते. वर्नेटा, दारावरची.
खाली माझा नंबर.
डीकन टॉलिव्हर म्हणाले, "चर्चची मालमत्ता आहे ती."
मी म्हटलं, "मीसुद्धा."

कॉर्डेलचा फोन आला पावणेतीनला.
कॉर्डेल मिम्स, आमच्या गाड्या लावतो, सव्वीस वर्षांचा,
पावसात म्हाताऱ्यांवर छत्री धरणारा.
बोलेना. मागे फ्रिजची घरघर ऐकू येत होती.
माझ्या तोंडात एक स्तोत्र आलं होतं, गिळलं.
विचारलं, "मरायचा विचार करतोयस का, बाळा?"
सरळ. हॉलिसला जे कधी विचारलं नाही, ते.

फ्रिज थांबला.
मग तो म्हणाला, "हो."

फोन चालूच ठेव म्हटलं,
आणि सपाता घालून गाडी काढली.
सकाळी दवाखान्यात चार तास बसलो दोघं,
मशीनमधले शेंगदाणे खात.
त्यानं विचारलं, देव रागावेल का?
म्हटलं, ते मला माहीत नाही,
मी फक्त दारावर असते.

आता काही रविवारी तो येतो.
काही रविवारी येत नाही,
तेव्हा शेवटच्या प्रार्थनेआधीच मी निघते
आणि त्याचं दार वाजवते. तो चिडतो. चिडू दे.

ऑक्टोबरात पंखे गोळा करून खोक्यात भरले.
एकशे एकतीस.
पुन्हा मोजले, बाकांखाली वाकून पाहिलं.
बाहेर बर्फ पडायला लागलंय,
आणि नऊ पंखे अजून कुणाच्या तरी घरी आहेत.