बुटांचं माप

केरीच्या वर, चोर्ल्याची वाट जिथे दम खाते,
तिथे चौकी होती. आता नुसतं जोतं, चार चिरे,
आणि करवंदीच्या जाळीत एक लोखंडी कडी.
तिला काय बांधत असत, कुणालाच आठवत नाही.

मी मोजणीदार. हाडांतलं मला काही कळत नाही.
दोऱ्या ताणता येतात, खुंट्या ठोकता येतात,
दहा मीटर बाय दहा मीटर डोंगर
कागदावर बसवता येतो.
पणजीहून पत्र आलं: पाहुणीला मदत करावी.

पाहुणी म्हणजे इल्दा. ऐंशीच्या पुढची,
पायात कापडी बूट, पिशवीत भावाचा फोटो:
अर्मांदो, तारयंत्रावर बसणारा, एकवीस वर्षांचा,
कान जरा पुढे आलेले.
एकसष्टच्या डिसेंबरातल्या त्या पहाटेनंतर
तो कैद्यांच्या यादीत नाही,
बोटीवर चढलेल्यांच्याही नाही.
बेपत्ता म्हणून या चौकीची दोनच नावं.
दुसरं नुसतंच झाकारियास, मोझांबिकचा,
आडनावाच्या रकान्यात रेघ.

डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
ही जांभ्याची माती आंबट असते,
साठ पावसाळ्यांत हाड पिऊन टाकते.
राहिलंच तर बटण, बक्कल, सोन्याचा दात.
दुभाष्याने हे कसं पोचवलं माहीत नाही.
इल्दाने मान हलवली
आणि विचारलं, चाळण कुठे आहे.

तीन दिवस चाळलं.
काडतुसाच्या टोप्या, साळिंदराचा काटा,
एक चमचा, अर्धी बाटली, आणि मुळं, मुळं.
झिलू गावस रोज येऊन बांधावर बसायचा,
विझलेली विडी तोंडात तशीच.
विचारलं की हात करायचा खाली, ओढ्याकडे.
ओढ्याकडे काही नव्हतं.

चौथ्या दिवशी, आमचे डबे उघडे असताना,
तो उठला आणि वरच्या काजूखाली जाऊन उभा राहिला.
"हांगा."

मग खाली बघत, मातीला सांगावं तसं सांगितलं.
तो नऊ वर्षांचा. बाप म्हैस शोधायला निघालेला.
माणूस पालथा, पाठीवर दंव.
बापाने आधी बूट काढले, मग खड्डा काढला.
"आधी बूट," झिलू परत म्हणाला,
तीन दिवस तेवढंच घशात अडलं होतं.
बारा वर्षं बाप ते बूट घालून डोंगर चढला.
खुणेला काजू लावला. तो फळाला आला.
त्याचं बोंड घरात कुणी तोंडाला लावलं नाही.
"विकलीं मात," तो म्हणाला. "अजून विकतांव."

इल्दाने तोंडवळा विचारला नाही.
विचारलं: ते बूट तुझ्या बापाला कसे व्हायचे?

"सैल. फुडें काथो कोंबतालो."
आणि बापाचा पाय केवढा, ते दाखवायला
त्याने स्वतःचा पुढे केला: अनवाणी, रुंद, भेगाळलेला.

तिने आपला कापडी बूट त्याच्या शेजारी ठेवला.
बराच वेळ दोन पावलं तशीच.
"अर्मांदोला माझे बूट यायचे," ती म्हणाली
आणि खाली बसली.

वारा पडलेला. मोहोराचा उग्र वास.
म्हणजे हा दुसरा. रेघवाला.
त्याला शोधायला कुठल्या गावाहून
कुणी निघालंच नाही,
किंवा निघालं असेल आणि
कुठे निघायचं ते कळलं नसेल.

वाटलं, आता ती गाडीकडे जाईल.
ती म्हणाली, चाळण आणा.

अंधारापर्यंत एक बटण मिळालं.
आणि मातीत काळसर डाग, लांबट, एका कुशीला वळलेला.
शेवटी डागच असतो, डॉक्टरबाई म्हणाल्या.
मी डागाला दोरी लावली.
एक मीटर एकोणऐंशी.
वहीत लिहिलं आणि पेन्सिलचं टोक मोडलं.

फॉर्मवर एक रकाना होता: मृताशी नातं.
इल्दाने सही केली
आणि त्या रकान्यात एक शब्द लिहिला, सावकाश, बॅटरीच्या उजेडात.
मला पोर्तुगीज वाचता येत नाही.
दुभाष्या केव्हाचा गाडीत जाऊन बसला होता.