चार आकडे

किसुमूत, किबुये बाजाराच्या मागच्या अंगाला
माझी टपरी. दोन हात रुंद, एक पंखा,
आणि एक भिंग, ज्यातून मी
लोकांच्या फोनची आतडी बघतो.
पाटीवर रंगवलंय: व्हायरस काढून मिळेल, शंभर शिलिंग.
खरं सांगू? व्हायरस मी क्वचितच पाहिलाय.
जुन्या फोटोंचा केर काढतो,
एक फुकटचं ॲप टाकतो, त्याच्यावर हिरवी ढाल,
ती ढाल गोल गोल फिरते
आणि समोरच्याचे खांदे खाली येतात.
शंभर शिलिंग त्या खांद्यांचे.

पूर्वी दिवसाला दोन गिऱ्हाइकं.
मग मार्चात पेरेस अकुमूला फोन आला.
ती ओमेना सुकायला पसरत होती,
कोपरापर्यंत हात चंदेरी,
आणि पलीकडचा आवाज गोड, आमच्याच लुओत:
“आई, तुमची लाइन आज बंद पडणार,
सांगतो तेवढे आकडे दाबा.”
आई म्हणाला तो. तिनं दाबले.
भिशीचे अठरा हजार चारशे
जाळ्यातून मासा सुळकन जावा तसे गेले.
बावीस बायकांचे होते.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या दारात रांग.
दुधानं एकटी पेरेस पोळली,
ताक अख्खा बाजार फुंकत बसला.
टोमॅटोवाली, बोडा-बोडावाले,
शाळेचा मास्तर, ज्याच्या फोनला अजून बटणं आहेत,
त्यालाही ढाल हवी.
मी नवा पंखा घेतला. दुसरं स्टूल घेतलं.

ढाल बसली की बायका म्हणायच्या,
“न्यांगवेसो, पिनही बदलून दे, मला बारीक दिसत नाही.”
आणि आकडे सांगायच्या. मोठ्यानं, पंख्याचा आवाज ना.
१९९८, भाऊ सरोवरात गेला ते साल.
०४०७, जे पोर एकच दिवस जगलं त्याचा दिवस.
४४१२, नवऱ्याच्या होडीचा नंबर:
होडी विकली, नवरा किनारा सोडून गेला, नंबर तेवढा राहिला.
मी कुठं लिहून ठेवत नाही. राहतात आपोआप.
चाळीस बायका माझ्या डोक्यात
चार चार आकड्यांनी बसून असतात.
पुसून टाकायचं ॲप मला कुणी विकत नाही.

जूनमध्ये एक जण आला.
बुटाला धूळ नाही, फोनच्या काचेला तडा.
“एका पिनचे पाचशे,” म्हणाला,
कांद्याचा भाव विचारावा तसा, इकडेतिकडे बघत.
आवाज गोड होता.
हा ‘आई’ कसं म्हणत असेल ते मला ऐकू आलं.
मी त्याला नवी काच लावली.
अंगठ्यानं बुडबुडा कडेला सारत नेला. तीनशे घेतले.
म्हणालो, माझं डोकं गळकं आहे, काही ठरत नाही.
तो हसला, “ठरलं तर सांग,” आणि नंबर ठेवून गेला.

नंबर मी फाडला नाही.
त्या रात्री गुणाकार केला. केला, खोटं कशाला बोलू.
चाळीस गुणिले पाचशे.
कुंपण शेत खातं म्हणतात;
खाण्याआधी तेही असंच
अंधारात पडून शेताचं माप काढत असेल.

सकाळी पेरेस आली. ढाल नको म्हणाली.
“पिन बदलायचाय. तू ऊठ तिथून.”
मी स्टूल सोडलं.
तिनं खांद्यावरचा लेसो डोक्यावरून ओढला,
फोनसकट आत गेली.
कापडातून नुसता उजेड हलताना दिसत होता.
एकदा चुकली. दुसऱ्यांदा चुकली.
तिसऱ्या वेळी एक शिवी आली, ती मात्र स्पष्ट.
मी बाहेर, पाठ करून उभा.
सरोवराकडून वारा, वाऱ्याला मासळीचा वास,
आणि कुणीतरी माझ्यापासून काही लपवतंय
याचं इतकं हलकं वाटलं
की खिशातला तो कागद कधी चुरगळला कळलं नाही.

“झालं,” ती म्हणाली. “किती?”
“काही नाही.”
“काही नाही कसं?”
तिनं पन्नास काउंटरवर ठेवले.
“पाठ फिरवून उभं राहिलास, त्याचे.”